कच्चा खर्डा चारचौघांत

वाचकांचे प्रश्न : या वेळी विनोदी फँटसी

भुतं, चेटकिणी, बोलणारी जनावरं आणि त्यांच्यामागे हात धुऊन लागलेले सरकारी कारकून, असा माल लिहिणारे मराठीत बरेच झालेले दिसतात. निदान या वेळचं टपाल तरी तसं सांगतं. बहुतेकांचा पहिला खर्डा पुरा झालाय किंवा होत आलाय, आणि तो ऑनलाइन कुणाला, कसा आणि किती दाखवावा हे त्यांना विचारायचंय. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

कादंबरी नव्वद हजार शब्दांची झाली आहे. महामार्गाच्या रुंदीकरणात पिंपळ जाणार म्हणून एक मुंजा पुनर्वसनासाठी सरकारदरबारी खेटे घालतो, अशी गोष्ट आहे. सगळी एकदम ऑनलाइन टाकू, की भागाभागाने? — एक वाचक, चिपळूण

एकदम नको, आणि लगेच तर नकोच. शेवटचं वाक्य लिहिल्यावर तीन आठवडे फाईल उघडू नका. मग एकदा सलग वाचा, पण या वाचनात भाषेला हात लावू नका. फक्त घोळ शोधा : पात्राचं नाव मध्येच बदललंय का, आठव्या प्रकरणात कायमचं मुक्त झालेलं भूत अकराव्यात चहा पीत बसलंय का, एखादा प्रसंग ‘नंतर लिहू’ म्हणून राहून गेलाय का. राहिलेल्या जागी चौकटी कंसात सरळ लिहा : [इथे वेताळाच्या दरबारातली सुनावणी. मुंजा हरतो.] वाचक एवढ्यावर पुढे जातो. शुद्धलेखन, वाक्यांची घडण, शब्दांची निवड हे सगळं नंतर. आधीच घासूनपुसून लख्ख केलेला प्रसंग उडवायची वेळ आली की हात धजावत नाही, आणि पहिल्या खर्ड्यातले बरेच प्रसंग उडवायचेच असतात.

पहिल्या खेपेला तीन प्रकरणं द्या, सहा ते आठ हजार शब्द. वाचक चार. दोघंच असतील तर एकाची लहर म्हणजे निम्मं मत होऊन बसतं. दहा असतील तर अभिप्राय आवरेनासे होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचे सगळे कोरे वाचक एकाच खेपेत संपतात. विनोदी लेखनात हा हिशेब फार महत्त्वाचा. रहस्य माहीत असलेला वाचकसुद्धा दुसऱ्या वाचनात कथेची बांधणी तपासू शकतो, पण एकदा ऐकलेल्या विनोदाला तो पुन्हा तसाच हसत नाही. त्यामुळे दहा माणसं तयार असतील तर चौघांना पहिला खर्डा द्या, तिघांना दुसरा, आणि तिघांना शेवटपर्यंत एक ओळही दाखवू नका. त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

प्रतिलिपिसारख्या खुल्या ठिकाणी मालिका म्हणून टाकायचा मोह होईल. पहिल्या खर्ड्यासाठी तो आवरा. विनोदी फँटसीत दुसऱ्या प्रकरणात सहज पेरलेली गोष्ट विसाव्यात फुटते, आणि विसावं लिहिताना तुम्हाला दुसऱ्यात काहीतरी पेरायला हवं होतं हे कळतं. तोवर दुसरं प्रकरण लोकांनी वाचलेलं असतं. मागे जाऊन बदललंत तर जुन्या वाचकाला ते समजत नाही, न बदललंत तर गंमत फुसकी. खुली मालिका दुसऱ्या खर्ड्याची करा. एक भाग दीड हजार शब्दांच्या आसपास, फोनवर दहाएक मिनिटांत संपेल एवढा. आठवड्याला एक भाग टाकायचा आणि सुरुवात करण्याआधी किमान आठ भाग हातात तयार ठेवायचे. आजारपण, पाहुणे, दिवाळी हे सगळं त्या आठ भागांत निभावतं.

खुल्या मालिकेत वाचनसंख्या दिसते, तीही वाचायला शिका. पहिल्या भागापेक्षा दुसऱ्याचे वाचक खूप कमी असणारच, कारण पहिला भाग चाळून जाणारे बरेच असतात. त्याने खचू नका. समजा भागांचे वाचक अनुक्रमे ४००, १८०, १६५, १५८, ९०, ८६ असे आहेत. इथे दुखणं चौथ्या भागात आहे. चौथा वाचून लोकांनी पाचवा उघडलाच नाही. पुष्कळ लेखक अशा वेळी पाचवा भाग दुरुस्त करत बसतात, जो त्या लोकांनी पाहिलेलाच नसतो.

मी वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप करतो. फाईल मित्राला पाठवली तर त्याला इंग्रजी अक्षरांचा काला दिसला. आता सगळं पुन्हा टाइप करायचं? — एक वाचक, नगर

नाही. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला मूळ अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फाँट नसला तरी मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात, फक्त तुमच्या नेमक्या फाँटसाठीचाच वापरा. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या फाँटमध्ये जागा वेगळ्या असू शकतात, म्हणून आधी एकच पान बदलून पाहा.

बदलल्यावर तीन ठिकाणी चुका हमखास सापडतात. पहिली, ऱ्हस्व वेलांटी. जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर येते, त्यामुळे जोडाक्षरापाशी ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरी, रफार. ‘सर्व’, ‘अर्ज’, ‘कार्यालय’ असे शब्द नजरेखालून घाला. तुमच्या कथेत सरकारी पत्रव्यवहार असेल तर हे शब्द पानोपानी असतील. तिसरी सगळ्यांत फसवी : ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला र. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतलात तर एकच प्रकार सापडतो. पात्राचं आडनाव ‘कऱ्हाडकर’ असेल आणि ते बदलायचं असेल तर निम्म्या ठिकाणी बदलेल, निम्म्या ठिकाणी जुनंच राहील. म्हणून परिवर्तनानंतर लगेच सगळीकडे एकच प्रकार करून घ्या. शिवाय ‘ॲ’ बऱ्याचदा ‘अॅ’ असा मोडून येतो, तोही शोधून बदला.

पाठवताना वर्डची फाईल किंवा पीडीएफ नको. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली की ती कुठवर जाईल यावर तुमचा ताबा नाही, आणि तिच्यावर शेरा लिहायचा तर वाचकाला कसरत करावी लागते. गुगल डॉक्स बरं. मूळ फाईलची प्रत्येक वाचकासाठी वेगळी प्रत काढा, नाव सुटसुटीत द्या (‘खर्डा-१, प्रकरण १ ते ३, वाचक क’), आणि वाचकाच्या ईमेलवर ती फक्त शेरे लिहिण्याच्या परवानगीने द्या. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय बंद. सेटिंगमध्ये डाउनलोड, छपाई आणि कॉपी करण्याची सोयही काढून टाकता येते. तिने स्क्रीनशॉट थांबत नाहीत, पण सहज होणारी पाठवापाठवी थांबते. फोनवर शेरा लिहायला गुगल डॉक्सचं ॲप लागतं, ब्राउझरमध्ये उघडलं तर वाचकाची चिडचिड होते. पहिल्याच निरोपात हे सांगून टाका.

प्रत्येकासाठी वेगळी प्रत कशाला? एकाच फाईलवर सगळ्यांनी शेरे दिले तर चर्चा चांगली होते. — एक वाचक, डोंबिवली

चर्चा चांगली होते, आणि तिथेच घात होतो. पहिल्या वाचकाने एखाद्या ओळीवर ‘हाहा, भारी!’ लिहिलं की पुढचे तिघं त्या ओळीपाशी हसायच्या तयारीनेच येतात. त्याने ‘हे जमलं नाही’ लिहिलं तर जमलेली ओळही पुढच्यांना फिकी वाटते. हसू पटकन पसरतं, मग ते ओळीचं होतं की शेऱ्याचं हे कळायला मार्ग उरत नाही. वैचारिक लेखाला एक फाईल चालेल. विनोदाला नाही.

वाचकांना खर्डा दिला की सगळ्यांचं एकच उत्तर : ‘छान आहे, लिहीत राहा.’ यातून काय सुधारायचं? — एक वाचक, परभणी

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. आपल्याकडे तोंडावर वाईट कोण म्हणतो? आणि समजा एखादा म्हणाला, तरी त्याचं ते मत असतं. तुम्हाला मत नकोच आहे. वाचताना त्या ओळीपाशी त्याचं काय झालं ते हवंय. त्यासाठी वाचकाला विचार करायला लावू नका, फक्त चार खुणा द्या आणि वाचता वाचता त्या समासात टाकायला सांगा :

ह : हसू आलं (ओठांच्या कोपऱ्यातलं हसूसुद्धा धरायचं)
? : कळलं नाही, मागे जाऊन वाचावं लागलं
उ : उडी मारली, इथून काही ओळी गाळल्या
थ : इथे थांबलो, फोन ठेवला

‘उ’ आणि ‘थ’ टाकायला लोक लाजतात. त्यांना आधीच सांगा की किमान दोन ‘उ’ सापडल्याशिवाय प्रत परत घेणार नाही. लाज जाते. ‘थ’च्या शेजारी कारण लिहायला लावू नका. कुकरची शिट्टी झाली म्हणून कुणी थांबला असेल, पण तीन वाचकांच्या शिट्ट्या एकाच परिच्छेदाला होत नाहीत.

प्रकरण संपल्यावर तीनच प्रश्न विचारा. आता पुढे काय होईल असं वाटतं? कुणाची बाजू घ्यावीशी वाटली? या भुतांना काय करता येतं आणि काय येत नाही, ते दोन ओळींत सांगा. तिसरा प्रश्न फँटसीसाठी सोन्यासारखा आहे. उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर तुमच्या जगाचे नियम तुमच्या डोक्यातच राहिलेत, कागदावर उतरलेले नाहीत.

प्रती परत आल्या की एक तक्ता करा. उभ्या ओळीत प्रसंग, आडव्या ओळीत वाचक, चौकटीत खुणा. चार वाचकांपैकी एकही ‘ह’ नसलेला विनोदी प्रसंग एक तर कथेला लागतो म्हणून ठेवायचा, नाहीतर काढायचा. एकच ‘ह’ असेल तर घाई करू नका. एखादा विनोद एका माणसासाठीच असतो आणि तेही चालतं. सलग दोन पानं ‘ह’ नाही पण ‘उ’ही नाही, म्हणजे गोष्ट ओढून नेतेय. तिथे मुद्दाम विनोद कोंबू नका.

टाइप करायचा कंटाळा असलेल्या ज्येष्ठ वाचकांसाठी वेगळी युक्ती आहे. त्यांना तीनशे शब्दांचा उतारा पाठवा आणि आधी न वाचता थेट मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवायला सांगा. ते जिथे अडखळतात तिथे तुमचं वाक्य वाकडं असतं. जिथे आवाज सपाट होतो तिथे त्यांचं लक्ष उडालेलं असतं. आणि हसू खरं असेल तर लपत नाही.

वाचकांना माझे विनोद कळत नाहीत. समजावून सांगितले की हसतात. सोबत एक उतारा पाठवत आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उतारा असा आहे :

‘मुंजा पिंपळावर राहत असल्यामुळे आणि तो पिंपळ रुंदीकरणात जाणार असल्याने त्याने प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे अर्ज केलेला होता, ज्यात त्याने आपले वय तीनशे बारा असे लिहिलेले होते, जे वाचून तलाठ्याला हसू आवरेना.’

(चिपळूण आणि कोल्हापूर, दोन्हीकडून मुंजे आणि पिंपळच यावेत हा योगायोग. दोघांनीही घाबरू नये, हक्कांच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे.)

कल्पना चांगली आहे. मांडणीने तिचा जीव घेतलाय. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे गंमतीचा शब्द सहज पोटात दडपला जातो आणि त्याच्यावर ‘लिहिलेले होते’सारखा दगड येऊन बसतो. ‘तीनशे बारा’ हा या वाक्यातला एकमेव फटाका, आणि त्यानंतर आठ शब्द आहेत. दुसरं म्हणजे ‘ज्यात… जे…’ या साखळीने सगळं एका दमात सांगितलंय, वाचकाला थांबायला जागाच नाही. तिसरी चूक मोठी : तलाठी हसतो. पात्र आधी हसलं की वाचकाला हसायचं कारण उरत नाही. शिवाय तलाठ्याला मुंज्याचं नवल वाटतंय, म्हणजे हे जग आपलंच, नेहमीचं, आणि त्यात एक विचित्र अर्जदार आलाय. विनोदी फँटसीत उलटं हवं. भूत कुणालाच विचित्र वाटू नये, कागद मात्र सगळ्यांना पूर्ण हवेत. असं करून पाहा :

‘पिंपळ महामार्गात जाणार हे कळल्यावर मुंज्याने प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी अर्ज केला. तलाठ्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. वयाच्या रकान्यात तीनशे बारा. तलाठ्याने चष्मा पुसला, अर्ज पुन्हा वाचला आणि परत केला.

“रहिवासाचा पुरावा कुठाय?”’

‘तीनशे बारा’नंतर क्रियापद गाळलंय. मराठीला ते चालतं आणि तिथे अर्धा श्वास मिळतो. चष्मा पुसल्यावर वाचकाला वाटतं की आता वयावर शंका येणार, पण शंका येते पुराव्यावर. वाक्य लांबीला कमी झालेलं नाही, फक्त वजन शेवटाकडे गेलंय.

सरकारी मराठीबद्दल एक सावधगिरी. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सबब’, ‘सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेने’ ही भाषा वेताळाच्या तोंडी फार खुलते, म्हणून लेखक दोन-दोन पानांची परिपत्रकं लिहितात. आठ-दहा ओळींनंतर समासात ‘उ’ येऊ लागतात. परिपत्रकाचा विषय, एक कलम आणि ‘प्रत माहितीसाठी’ची यादी एवढं पुरतं. त्या यादीत कोण कोण आहे यात बहुधा सगळ्यांत जास्त गंमत करता येते. गमतीच्या तळटीपाही फोनवर फसतात, कारण त्या प्रकरणाच्या शेवटी जाऊन पडतात आणि तिथवर कुणी जात नाही. ऑनलाइन खर्ड्यात तळटीप त्याच परिच्छेदाखाली तिरप्या अक्षरांत टाका.

‘विनोदीच आहे ना, मग जादूचे नियम कशाला?’ असं मला वाटतं, पण दोन वाचकांनी ‘काहीही चालतं’ अशी तक्रार केली. — एक वाचक, नागपूर

तक्रार बरोबर आहे. गंभीर फँटसीत नियम थोडा सैल असला तरी वातावरण सांभाळून घेतं. विनोद मात्र अपेक्षेवर उभा असतो, आणि काहीही घडू शकतं तिथे कसलीच अपेक्षा उरत नाही. समजा तुमच्या जगातला चकवा माणसाला वाट चुकवतो. नियम असा करा की ज्याला आपल्याला वाट माहीत आहे असं वाटतं त्यालाच तो चुकवू शकतो. म्हणजे फोनवरचा नकाशा बघत चालणाऱ्यापुढे तो हतबल. आता घाटात नेटवर्क जाण्याची वाट बघत बसलेला चकवा आपोआप डोळ्यांपुढे येतो, आणि ‘मला काय विचारता, या घाटात मी लहानाचा मोठा झालोय’ म्हणणारा माणूस दिसला की वाचक आधीच हसायला लागतो. नियमाने विनोद आखडत नाही, उलट पुढचे दहा प्रसंग पुरवतो.

प्रत्येक जातीच्या भुताचं एक पान करा : काय येतं, काय येत नाही, त्याची किंमत काय, आणि अपवाद असेल तर एकच. ही पानं वाचकांना देऊ नका. त्यांना कथेतूनच कळायला हवं, नाहीतर वरचा तिसरा प्रश्न वाया जातो.

तुम्ही पत्रात वऱ्हाडी संवादांचंही विचारलंय. संवाद बोलीतच ठेवा, निवेदन प्रमाण ठेवा, आणि चौघांपैकी एक वाचक कोकणातला किंवा गोव्यातला घ्या. त्याच्या प्रतीत ‘?’ कुठे येतो ते बघा. एखादा शब्द अडला तर कंसात अर्थ देऊ नका. समोरच्या पात्राच्या उत्तरातून तो उलगडेल असं करा. आणि उलट बाजूने, बोली ज्यांची आहे अशा एकाला वाचायला द्या. दुसऱ्या भागातला लेखक लिहितो ती मालवणी किंवा वऱ्हाडी पुष्कळदा नाटक-सिनेमांतून ऐकलेली असते, आणि ते पहिल्या वाक्याला कळतं.

एक वाचक म्हणतो हडळीचं प्रकरण काढा, दुसरी म्हणते तेच सगळ्यांत चांगलं. कुणाचं ऐकू? — एक वाचक, पुणे

अजून कुणाचंच नाही. दोघांच्या खुणा शेजारी ठेवून बघा. प्रकरण काढा म्हणणाऱ्याचा पहिला ‘उ’ कुठे आहे? बहुधा त्याला हडळ आवडली नाही असं नसतं, ती तिथे का आलीय हे त्याला कळलेलं नसतं. म्हणजे दुरुस्ती दोन प्रकरणं आधी, जिथे तिची गरज निर्माण व्हायला हवी होती तिथे. तिचं प्रकरण जसंच्या तसं ठेवून आधीच्या प्रकरणात चार ओळी घालाव्या लागतील एवढंच.

काही वाचक तुमचा विनोद खोडून स्वतःचा लिहून पाठवतात. तो कितीही चांगला असला तरी घेऊ नका, आवाज वेगळा पडतो. पण त्यांना तिथेच का लिहावंसं वाटलं ते टिपून ठेवा. आणि शेऱ्यांना उत्तर देताना ‘वाचलं, धन्यवाद’च्या पुढे जाऊ नका. ‘अहो, तिथे मला असं म्हणायचं होतं’ हे एकदा लिहिलंत की तो वाचक पुढची प्रकरणं तुम्हाला समजून घेत वाचू लागतो. म्हणजे वाचक म्हणून तो गेला. सगळ्या प्रती आल्यावर दहा दिवस जाऊ द्या, मग दुरुस्तीला बसा. सुरुवात कथेपासून करा, मग प्रसंग, मग वाक्यं, आणि शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी.

खर्डा ऑनलाइन टाकला आणि कुणी कल्पना चोरली तर? आधी नोंदणी करावी का? आणि तो नंतर दिवाळी अंकाला चालेल का? — दोन वाचक, ठाणे आणि पणजी

स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही. हक्क लेखकाच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी हवीच असेल तर ऑनलाइन अर्ज करता येतो आणि अप्रकाशित लेखनाचीही करता येते. साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे, आणि अर्जानंतर कुणाची हरकत येते का यासाठी ३० दिवसांची वाट बघावी लागते. पण पहिल्या खर्ड्याची नोंदणी करू नका, पुस्तक होईपर्यंत त्यातलं निम्मं बदललेलं असेल. तारखेनिशी पुरावा म्हणून गुगल डॉक्समधल्या आवृत्त्यांचा इतिहास आणि स्वतःला केलेली ईमेल एवढं हाताशी असू द्या.

कल्पनेला मात्र संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलंय : कल्पना, विषय, कथासूत्र यांवर हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. पिंपळ तुटणार म्हणून अर्ज करणारा मुंजा कुणीही लिहू शकतो. तुमची वाक्यं, तुमचे प्रसंग त्याच क्रमाने उचलले तर तक्रार करता येते. चिपळूण आणि कोल्हापूर, दोघांनाही हेच उत्तर.

चोरीपेक्षा मोठा तोटा दुसरीकडे होतो. दिवाळी अंक आणि स्पर्धा बहुतेक वेळा ‘अप्रकाशित’ साहित्य मागतात, आणि खुल्या मंचावर किंवा फेसबुकवर टाकलेलं पुष्कळ जण प्रकाशितच धरतात. नावानिशी चार जणांना दिलेली बंद फाईल प्रकाशन ठरत नाही. तेव्हा दिवाळी अंकाला द्यायचं प्रकरण खुल्या मालिकेत टाकू नका. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, म्हणून वाचकांच्या प्रती मे अखेर परत येतील असं बघा. खुल्या मंचावर जाण्याआधी तिथल्या अटींत एकच शब्द शोधा : अनन्य. हक्क अनन्य नसेल तर तोच मजकूर तुम्ही इतरत्रही देऊ शकता. असेल तर किती काळासाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी, हे वाचल्याशिवाय मान्य करू नका. ऑडिओचे हक्क अशाच ओळींत गुपचूप जातात.

म्हसोबा, वेताळ यांच्यावर विनोद चालेल का? — एक वाचक, सावंतवाडी

वेताळ कथेत भूतनाथ असेल, पण तुमच्याच जिल्ह्यात त्याची देवळं आहेत आणि तो ग्रामदैवत म्हणून पूजला जातो. खऱ्या गावाचं, खऱ्या देवस्थानाचं नाव घेऊ नका, आणि विनोदाचा रोख देवावर न ठेवता त्याच्या नावाने कारभार करणाऱ्यांवर ठेवा. तिथे मालही जास्त आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९मध्ये धार्मिक भावना दुखावण्याचा हेतू जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो, पण तक्रार करणारा आधी कलम वाचत नाही. एक गोष्ट लेखकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे भुतांनाही जात असते. मुंजा आणि ब्रह्मराक्षस कोण, हडळ आणि खवीस कोण, हे लोककथांनी आधीच ठरवून ठेवलंय. तुमच्या कादंबरीत शहाणं भूत कुठलं आणि टिंगलीचं कुठलं, याची यादी करून पाहा. आणि वाचकांपैकी एक तरी असा निवडा ज्याला ती यादी खटकू शकेल.

चॅटबॉटकडून अभिप्राय घेतला तर? — एक वाचक, इंदूर

नावांचे घोळ, तारखांची विसंगती, कुठल्या प्रकरणात कोण कुठे होतं हे शोधायला उपयोग होतो, तेही दिलेलं उत्तर स्वतः पडताळून पाहणार असाल तर. हसू आलं का, हे त्याला विचारू नका. तो हो म्हणेल.

माझे निम्मे वाचक न्यू जर्सीतली भाचरं आहेत. मराठी समजते, देवनागरी वाचता येत नाही. रोमन लिपीत करून देऊ का? — एक वाचक, नाशिक

नको. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात, वाचक शब्द सोडवत बसतो आणि विनोद निसटतो. प्रकरण वाचून रेकॉर्ड करा. आवाज मुद्दाम सपाट ठेवा, कारण तुमच्या अभिनयाला मिळालेलं हसू ओळीच्या खात्यावर जमा होतं. फाईल पंधरा मिनिटांच्या आतली ठेवा, आणि हसू येईल तिथली वेळ लिहून पाठवायला सांगा : ‘४:१०, ७:३५’. तक्त्यात त्यांचा वेगळा स्तंभ करा. तलाठी आणि सातबारा म्हणजे काय हे त्यांना माहीत नसेल, त्यामुळे त्यांच्या ‘?’ खुणा इथल्या वाचकांच्या खुणांत मिसळू नका.